उंटावरचे शहाणे

परवाची गोष्ट. आमच्या घरच्या मोटारसायकलची पुढची काच धरून ठेवणारा प्लास्टिकचा कंस मोडला. गाडी जुनी, पण इंजिन अजून खणखणीत आहे. महिनाभर तो कंस शोधत होतो. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहून मान हलवली. म्हापशाच्या बाजारातली सुट्या भागांची दुकाने झाली, मेव्हण्याकरवी बेळगावात चौकशी झाली. शेवटी आमचा नेहमीचा मेकॅनिक म्हणाला, "पात्रांव, हें आतां मेळना. दुसरी गाडी पळय मरे." वीतभर प्लास्टिकसाठी दुसरी गाडी! कंपनीचे नाव घेत नाही, कारण दोष एकट्या तिचा नाही. आणि आजचा विषय त्या कंसाहून मोठा आहे.

तरी म्हटले, पाहून तर येऊ. बायकोला घेऊन एका शोरूममध्ये गेलो. विकणारा मुलगा गोड बोलणारा होता. "काका, लांबच्या प्रवासासाठी ना? मग अ‍ॅडव्हेंचरच घ्या." त्याने दाखवलेली गाडी म्हणजे साक्षात उंट. माझी उंची पाच फूट चार इंच. बसलो तर एका पायाचा अंगठा जमिनीला लागला, दुसरा हवेत. बायको पाच फुटांची. ती गाडीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही चढाल कसे तरी. मला शिडी आणून द्या." मुलगा हसला. म्हणाला, "सवय होते हो काकी. नाहीतर सीट थोडी कापून घ्या, सगळेच घेतात."

ऐकलेत? अडीच-तीन लाखांची नवी कोरी गाडी घ्यायची आणि पहिल्याच आठवड्यात तिची गादी कापायला द्यायची. सगळेच कापून घेतात म्हणजे गाडी बनवणाऱ्यानेच माप चुकवले असेल, असे कोणाच्या मनात येत नाही. चुकली असते ती आमची उंची.

मी विचारले, "बाबा रे, जरा बुटकी, पुढे नीट काच असलेली, मागे बायकोला धड बसता येईल अशी, डांबरी रस्त्यावर दिवसभर चालवता येईल अशी गाडी नाही का?" तो म्हणाला, "तशा आता येत नाहीत काका. मार्केटच नाही."

मार्केटच नाही! मंडळी, या दोन शब्दांसाठी हा लेख लिहायला घेतला आहे.

ज्यांना मोटारसायकलींचा नाद नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. मोटारसायकली अनेक जातींच्या असतात. शर्यतीच्या असतात, त्यांवर पोट टाकीला टेकवून ओणवे बसावे लागते. शहरात फिरण्याच्या उघड्या गाड्या असतात. पाय पुढे पसरून बसण्याच्या ऐटबाज क्रूझर असतात. मातीच्या वाटांसाठी उंच गाड्या असतात. आणि एक जात असते, किंवा होती, जिला स्पोर्ट-टूरर म्हणतात. लांबच्या डांबरी रस्त्यावर चांगल्या वेगाने, न थकता, दोन माणसांना आणि दोन पिशव्यांना घेऊन जाणारी गाडी. सीट मध्यम उंचीची, हँडल किंचित पुढे पण पाठ मोडणार नाही असे, टाकी मोठी, आणि छातीसमोर काच व फेअरिंग, म्हणजे वाऱ्यापावसापासून आडोसा.

हा आडोसा नखरा नव्हे. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४५ वरून ९० किलोमीटरवर गेलात की छातीवरचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. तीन तास तो दाब मनगटांनी आणि मानेने पेलायचा म्हणजे काय ते पन्नाशी उलटलेल्याला विचारा. जुलै महिन्यात चोर्ल्याचा घाट चढताना समोरून पाऊस सुयांसारखा टोचतो. तिथे छातीसमोर काच आहे की नाही, यावर माणूस बेळगावला हसत पोचतो की तापाने फणफणून पोचतो हे ठरते. बायकोचे माहेर बेळगावचे, त्यामुळे हे प्रयोग मी बरेच केले आहेत.

आता ही जात आली कुठून? १९७६ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने आर-१०० आरएस ही गाडी आणली. तिचा पुढचा आडोसा इटलीतल्या पिनिनफारिनाच्या वायुबोगद्यात घडवला होता. लांबच्या प्रवासाच्या माणसाला वाऱ्यातून वाचवायचे, हा तिचा उघड हेतू. पुढे जपान्यांनी ही कल्पना उचलली आणि तिचे सोने केले. १९८६ मध्ये होंडाची व्हीएफआर-७५० आली. १९९० च्या सुमारास एसटी-११०० पॅन युरोपियन आली, २००१ मध्ये यामाहाची एफजेआर-१३००. कावासाकीची जीटीआर होती, ट्रायम्फची स्प्रिंट होती, डुकाटीसारख्या शर्यतवेड्या घराने १९९७ पासून एसटी नावाची मालिका काढली. नव्वदीत आणि दोन हजारच्या पहिल्या काही वर्षांत बहुतेक प्रत्येक मोठ्या कारखान्याकडे अशी एक तरी गाडी होती. बऱ्याच देशांच्या पोलिसांनीही याच गाड्या घेतल्या, कारण दिवसभर गाडीवर बसण्याचा पगार घेणाऱ्या माणसाला काय लागते हे त्यांना ठाऊक होते.

आणि आता? डुकाटीची एसटी २००७ च्या सुमारास गेली. होंडाची एसटी-१३०० गेली. व्हीएफआर-१२०० एफ गेली, मग धाकटी व्हीएफआर-८०० सुद्धा गेली. ट्रायम्फची ट्रॉफी २०१२ मध्ये आली आणि पाच-सहा वर्षांत गुंडाळली. एफजेआर युरोपात युरो-५ प्रदूषण नियमांबरोबर संपली. कावासाकीची चौदाशे सीसीची गाडीही गेली. प्रत्येक वेळी कारण एकच सांगतात: लोक घेत नाहीत, लोकांना उंच अ‍ॅडव्हेंचर गाड्या हव्यात.

लोक घेत नाहीत हे खरे. पण का घेत नाहीत, हे कोणी सांगायचे?

एफजेआर-१३०० चेच पाहा. २००१ साली आली तेव्हा तिला पाच गिअर होते. महामार्गावर दिवसभर चालवण्याची गाडी आणि सहावा गिअर नाही, ही तक्रार पहिल्यापासूनची. सहावा गिअर आला २०१६ साली. पंधरा वर्षांनी! पोर जन्मून दहावीला बसते तेवढ्या काळात एका कारखान्याला एक गिअर वाढवायला सुचले नाही. कावासाकीची चौदाशेची गाडी २००७ साली आली. तिला वेग आपोआप कायम राखणारे क्रूझ कंट्रोल शेवटपर्यंत दिलेच नाही. शेकडो किलोमीटर एका वेगाने जाण्यासाठीच बनवलेल्या गाडीला! व्हीएफआर-८०० मध्ये २००२ नंतर २०१४ पर्यंत नाव घेण्यासारखा बदल नाही. आणि २०१० मध्ये होंडाने मोठ्या थाटात व्हीएफआर-१२०० एफ आणली. मोटारसायकलला पहिल्यांदाच दुहेरी क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स, तंत्रज्ञानाची कमालच. ती भारतातही विकायला आणली होती. पण वजन २६५ किलोच्या पुढे आणि टाकी साडेअठरा लिटरची. धाकट्या ८०० ची टाकी २२ लिटरची होती! लांबच्या प्रवासाची गाडी, इंजिन मोठे आणि टाकी लहान. हा हिशेब कोणी केला असेल तो असो, त्याने लांबचा प्रवास केला नसावा.

मग लोकांनी घेतली नाही तर दोष कोणाचा? आमच्याकडे म्हापशाच्या बाजारात समजा एखादीने तीन दिवसांचे शिळे बांगडे इसवणाच्या दराने मांडले आणि संध्याकाळी टोपली तशीच परत नेताना म्हणाली, "गोंयकारांनी नुस्ते खायचे सोडले," तर आपण काय म्हणू? नाचता येईना, अंगण वाकडे. मोटारसायकलवाल्यांचे अंगण गेली वीस वर्षे वाकडे आहे.

उलट उदाहरणही आहे, ते लपवणार नाही. ज्या बीएमडब्ल्यूने १९८० मध्ये आर-८० जीएस काढून उंच गाड्यांच्या या वेडाचा पाया घातला, तिने आपली रस्त्यावरची प्रवासी गाडी आरटी कधी सोडली नाही. अकराशे, साडेअकराशे, बाराशे, साडेबाराशे आणि २०२५ मध्ये तेराशे. दर काही वर्षांनी नवे इंजिन उंच जीएसला मिळाले तसे आरटीलाही मिळाले. थोडी खेळकर आरएस मध्यंतरी बंद केली होती, तीही २०१५ मध्ये परत आणली. महाग आहेत, आमच्या खिशाच्या बाहेर आहेत, पण आहेत. सांभाळले त्याचे टिकले, टाकले त्याचे गेले. मग "मार्केटच नाही" हे सगळ्यांच्या बाबतीत कसे खरे?

आता आपल्या देशात या. इथे हजार सीसीच्या गोष्टी मूठभरांच्या. पण आपल्या मापाच्या स्पोर्ट-टूरर आपल्याकडेही होत्या, फक्त त्यांना कोणी त्या नावाने हाक मारली नाही.

२००३ साली हिरो होंडाची करिझ्मा आली. २२३ सीसी, सतराच्या आसपास अश्वशक्ती, १५ लिटरची टाकी, पुढे अर्धा आडोसा. आजच्या मुलांना हे आकडे किरकोळ वाटतील. पण त्या गाडीवरून आमच्या पिढीने देश पाहिला. गोव्याहून हंपी, गोव्याहून पुणे, पुण्याहून थेट लडाख. २००७ मध्ये पल्सर २२० आली, २००९ मध्ये ती स्वस्त आणि अधिक जोरदार होऊन घरोघरी पोचली. त्याच वर्षी यामाहाची फेझर आली, दीडशे सीसीची, दोन दिवे आणि अर्धी काच. २०११ मध्ये होंडाची सीबीआर-२५० आर आली, तिच्या महागड्या आवृत्तीला एबीएस ब्रेक होते. त्या किमतीच्या गाडीला ते मिळणे तेव्हा अपूर्व होते. या साऱ्या गाड्या जमिनीला पाय टेकवून चालवता येत होत्या. सीबीआरची सीट ७८५ मिलिमीटरच्या आतबाहेर.

पुढे काय झाले? हिरो आणि होंडा २०१० च्या शेवटी वेगळे झाले. २०१४ मध्ये करिझ्माला नवा चेहरा दिला, तो पाहून जुने भक्तसुद्धा देवळाबाहेर पडले. त्याच वर्षी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात हिरोने एचएक्स-२५० आर नावाची देखणी गाडी मांडली. ती कधी दुकानात आलीच नाही. होंडाने २०१४ मध्ये परदेशात सीबीआर-३०० आर आणली, आमच्या नशिबी मात्र तीच अडीचशे, नव्या रंगांत, वर्षानुवर्षे. मग १ एप्रिल २०२० ला बीएस-६ नियम आले आणि सीबीआर-२५० आर गेली, फेझर १६ आणि २०१७ ची फेझर २५ दोन्ही गेल्या. करिझ्मा त्याआधीच आटोपली होती.

इथे एक बारकावा समजून घ्या, कारण सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे. प्रदूषणाचे नियम बदलले की प्रत्येक इंजिनाला नव्याने खर्च करावा लागतो. इंधन टाकण्याची पद्धत, सायलेन्सरमधला शुद्धिकारक, चाचण्या, परवाने. कारखान्याच्या टेबलावर मग यादी येते: कोणत्या इंजिनावर पैसे घालायचे आणि कोणते मरू द्यायचे. नियम गाडीला मारत नाही. नियम फक्त विचारतो, हिला जगवायची का? उत्तर टेबलामागचा माणूस देतो. आणि दहा वर्षे जिच्याकडे पाहिलेच नाही तिच्यावर तो पैसे का घालील? मग वर्तमानपत्रात छापून येते की नियमांमुळे बंद झाली. सरकारवर ढकलले की सगळे सुटले.

हे मी हवेत बोलत नाही. बजाजने २०२२ मध्ये पल्सर २२० एफ बंद केली. सोळाव्या वर्षात पाऊल टाकलेली, पुष्कळांना म्हातारी वाटणारी गाडी. आणि २०२३ च्या सुरुवातीला परत आणली. कारण लोक मागत राहिले. नवे इंजिन नाही, नवा चेहरा नाही, तीच जुनी गाडी, तोच अर्धा आडोसा. मार्केट नव्हते ना? मग हे मागणारे कोण होते, भुते?

दुसरा दाखला. सुझुकीने २०१९ मध्ये जिक्सर एसएफ-२५० आणली, पुढे आडोसा असलेली, १६१ किलोची, ८०० मिलिमीटर सीटची. तेच इंजिन घेऊन २०२२ मध्ये उंच व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणली, सीट ८३५. एका इंजिनावर दोन माणसांची सोय. खर्च वाटला गेला, दोघांचेही काम झाले. परदेशातही आज ज्या रस्त्यावरच्या प्रवासी गाड्या उरल्या आहेत त्या बहुतेक अशाच जगल्या आहेत. २०२२ ची होंडा एनटी-११०० आफ्रिका ट्विन या उंच गाडीचे इंजिन घेऊन आली, यामाहाची ट्रेसर एमटी-०९ चे. स्वतःचे वेगळे इंजिन घेऊन मिरवणाऱ्या मेल्या, चुलत भावंडांचे इंजिन घेणाऱ्या तगल्या. म्हणजे मार्ग आहे, आणि तो कारखानदारांना चांगला माहीत आहे. त्यावर चालायची इच्छा किती जणांना आहे, एवढाच प्रश्न.

आता उंटांकडे वळू. २०१६ ची हिमालयन, २०१८ ची जी-३१० जीएस, २०१९ ची एक्सपल्स, २०२० ची केटीएम-३९० अ‍ॅडव्हेंचर, २०२२ ची येझ्दी अ‍ॅडव्हेंचर, २०२३ ची हिमालयन-४५०. यादी लांबतच जाते. होंडाने २०२१ मध्ये काय केले? हॉर्नेट नावाच्या शहरी गाडीला उंच काच, हातांना संरक्षक आणि साहसी चेहरा चढवून सीबी-२०० एक्स म्हणून विकायला ठेवली. नावात एक्स आला की डोंगर चढलाच म्हणून समजा. आमच्या दशावतारात दाढीमिश्या लावल्या की कालचा दुकानदार राजा होतो, तसेच. पण तिथे निदान पहाटे सोंग उतरवतात.

हे वेड जागतिक आहे, आणि त्याचा एक मुहूर्तही सांगता येतो. २००४ मध्ये इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन या दोन नटांनी बीएमडब्ल्यूच्या उंच गाड्यांवरून लंडन ते न्यूयॉर्क असा पूर्वेकडून वळसा घेतला आणि तो टीव्हीवर दाखवला. पाहणाऱ्यांना वाटले, प्रवास म्हणजे हेच. चिखल, नदी, पडणे, उठणे. त्यानंतर ऑफिसला जाणाऱ्यालाही नदी ओलांडणारी गाडी हवीशी झाली. आमच्या वागातोरला २०१३ पासून बाइकवाल्यांचे मेळे भरू लागले, तिथे मी या गाड्या रांगेत उभ्या पाहिल्या आहेत. अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या, इंजिनाखाली दगडांपासून वाचवणारी पत्र्याची ढाल, आणि त्या ढालीवर एक ओरखडा नाही. ट्रकमधून उतरवल्यासारख्या चकचकीत. मालकाचा सर्वांत खडतर प्रवास पार्किंगच्या मातीतला.

आता कोणी म्हणेल, अहो, आपले रस्ते पाहा! खड्ड्यांतून उंच गाडीच बरी. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ पासून रेंगाळले. त्या रस्त्यावर एक पावसाळा काढलेल्याला खड्ड्यांबद्दल मी काय सांगणार? उंच गाडीचे शॉकअप लांब असतात, खड्डा सोसतात, सरळ बसल्याने दूरचे दिसते. मान्य. दिवसभर चालवायला त्या आरामशीर असतात, हेही मान्य. ज्याचे पाय पोचतात त्याने खुशाल घ्यावी.

पण खड्डा सोसायला शॉकअप चांगले लागते, साडेआठशे मिलिमीटरची सीट लागत नाही. पहिल्या हिमालयनचेच घ्या. तिच्या पुढच्या शॉकअपची हालचाल २०० मिलिमीटर होती आणि सीट ८००. ती एवढी का चालली, असे मला विचाराल तर उत्तर सोपे आहे: सामान्य माणसाचा पाय जमिनीला लागत होता. म्हणजे जमते. मग पुढच्या हिमालयनची ८२५, होंडा एनएक्स-५०० ची ८३०, ३९० अ‍ॅडव्हेंचर आली तेव्हा तिची ८५५ च्या घरात, असे आकडे का चढत जातात? सरासरी भारतीय माणूस काही दर वर्षी इंचाने वाढत नाही.

आणि याच खड्ड्यांच्या रस्त्यावर पंक्चर झाले तर? यांतल्या कित्येक गाड्यांना तारांची चाके आणि आत ट्यूब. हिमालयन-४५० सुद्धा आली ती ट्यूब घेऊनच, ट्यूबलेस चाके मागाहून. ट्यूबचे पंक्चर म्हणजे चाक काढा, टायर सोडवा, ट्यूब शोधा. अनमोडच्या घाटात रात्री आठ वाजता करून पाहा. बिनट्यूबच्या टायरला खिशातली दोरी खुपसली, हवा भरली, की दहा मिनिटांत निघालात. रस्त्यावरच्या गाड्यांना ही सोय कधीची आहे. साहसाच्या नावाखाली जी गैरसोय विकली जाते तिचा हा एक मासला.

आणि उंचीचा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. आमच्या गोव्यात दुचाकी चालवणाऱ्या बायका काय थोड्या आहेत? पेडण्यापासून काणकोणपर्यंत शाळामास्तरणी, नर्सबाई, बँकवाल्या, मासळीवाल्यासुद्धा दुचाकीवरच. त्यांतल्या एखादीला वाटले, स्कूटर पुरे, आता मोटारसायकलवरून लांब जाऊया, तर तिच्यासाठी दुकानात काय आहे? उंट आहे, किंवा शर्यतीचा घोडा आहे. मध्ये काही नाही. कालची करिझ्मा तिला चालवता आली असती. प्रवासाची गाडी म्हणजे उंच गाडी, असे एकदा ठरवून टाकले की बुटके, बायका, साठीकडे झुकलेले, गुडघे कुरकुरणारे, असे निम्मे गिऱ्हाईक आपोआप दाराबाहेर. आणि मग तेच म्हणतात, मार्केट नाही. अहो, मार्केट बाहेर उभे आहे, तुमची पायरी उंच आहे!

सरकारनेही आपला हातभार लावला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के जीएसटी आणि त्यावरच्यांवर ४० टक्के. खालच्यांचा कर कमी झाला, आनंद आहे. पण ३५० च्या रेषेवर पाऊल टाकले की कर दुपटीहून जास्त. आता कारखान्यात नवी गाडी आखताना पहिला प्रश्न प्रवाशाला काय हवे हा असेल, की रेषेच्या कोणत्या बाजूला राहायचे हा? चारशेच्या आसपासचे शांत, न धापणारे इंजिन हेच आपल्या रस्त्यांवर लांबच्या प्रवासाला खरे योग्य. त्याच्याच मानेवर सुरी.

सगळ्यात शेवटी आपली पाळी. कारखानदारांना शिव्या घालून मोकळे होता येत नाही. आपणही गाडी घेताना काय पाहतो? शेजारी काय म्हणेल ते. गाडीवर एकदाही दोघांनी मिळून न बसता, मागच्या सीटवर बसणारीला न विचारता, मोबाइलवर व्हिडिओ पाहून पैसे भरणारे मला ठाऊक आहेत. ज्या गाडीवरून रोज पर्वरी ते पणजी जायचे तिची नदी ओलांडण्याची क्षमता विचारतात, आणि तिच्या काचेचा कंस दहा वर्षांनी मिळेल का, हे कोणी विचारत नाही. मीही नव्हते विचारले. आम्ही घेतो तेच ते बनवतात, आणि ते बनवतात तेच आम्ही घेतो. या गोल फिरण्यात कुठेतरी कोणीतरी पाय टेकवला पाहिजे. अर्थात, पाय पोचत असेल तर.

मग करायचे काय? माझ्या तीन साध्या मागण्या आहेत. पहिली, गाडी बंद करायची तर करा, पण त्याच दिवशी छापून सांगा की तिचे सुटे भाग अमुक वर्षांपर्यंत मिळतील. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढले, त्यात वाहनेही आहेत. पोर्टल काढणे सोपे, त्याला दात बसवणे अवघड. ते दात बसवा. दुसरी, ज्या इंजिनावर उंट बनवता त्याच इंजिनावर एक बुटकी, काचवाली गाडी बनवा. सुझुकीला जमते ते इतरांना का जमू नये? तिसरी मागणी आपल्याकडेच. शोरूममध्ये जाताना मागे बसणाऱ्या माणसाला घेऊन जा. दोन्ही पाय जमिनीला टेकवून पाहा. टेकत नसतील तर "सवय होते" हे ऐकून घेऊ नका. परत या. पन्नास माणसे परत गेली की एकविसाव्या मजल्यावर कोणाला तरी कळेल.

हे वाचून उंच गाडीवाले मित्र रागावतील. रागवा बाबांनो. तुमच्या गाड्या बंद करा असे मी म्हणत नाही. तुमच्यासाठी आज दहा आहेत, आमच्यासाठी एकदोन तरी असू द्या, एवढेच.

आणि हो, तो कंस. म्हापशाच्या औद्योगिक वसाहतीत एक फॅब्रिकेटर आहे. त्याने मोडलेला तुकडा हातात घेऊन उलटापालटा केला, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कापली, वाकवली, दोन भोके पाडली. अर्धा तास. दोनशे रुपये. मूळच्यापेक्षा मजबूत आहे. मी विचारले, असली कामे येतात का? म्हणाला, रोज दोन-तीन तरी.

मार्केट नाही म्हणे. येत्या रविवारी चोर्ल्याने बेळगावला जायचे ठरले आहे. दोघे, दोन पिशव्या, आणि सासूबाईंसाठी फणसाची साठे.